फुंकर कुठून आणायची?

वांद्र्यातल्या एका जुन्या घराच्या ओसरीत टॅब्लेट टेबलावर टेकवून मी माझं रेकॉर्डिंग लावलं. समोर ऐंशी पार केलेले एक गोवेकर ट्रंपेटवादक बसले होते. उमेदीची वर्षं त्यांनी मुंबईच्या हॉटेलांत आणि सिनेमाच्या रेकॉर्डिंगांत काढली होती. आता दातांनी साथ सोडली, त्यामुळे वाद्य पेटीत आणि पेटी कपाटावर. माझी चाल मध्यम लयीची, मिनिटाला १२० ठोके, बत्तीस बारांची. वर ट्रंपेट, खाली तीन ट्रॉम्बोन, मागे पियानो, बास आणि ड्रम्स. महिनाभर रात्री जागून केलेलं काम होतं. कौतुक ऐकायलाच गेलो होतो, खोटं कशाला बोला.

त्यांनी डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाले, "आवाज मस्त आहे रे. पण हा तुझा माणूस दम कधी घेतो?"

कुठला माणूस, तेच मला आधी कळेना. टॅब्लेटमध्ये माणूस नव्हताच. त्यांनी बोटांवर मोजून दाखवलं. ट्रंपेटची ओळ मी सोळा बार कुठेही न थांबता लिहिली होती. एक बार चार ठोक्यांचा, म्हणजे दोन सेकंदांचा, म्हणजे सोळा बारांचे बत्तीस सेकंद. बत्तीस सेकंद एका दमात, तेही वरच्या पट्टीत आणि जोर लावून. "नवव्या बारालाच आडवा झाला असता," ते म्हणाले आणि चहा मागवला.

पुढची सगळी पानं त्या एका प्रश्नातून निघाली आहेत. टॅब्लेटवर जॅझचं रेकॉर्डिंग कसं करायचं, घरात नसलेल्या ट्रंपेट-ट्रॉम्बोनना कसं वाजवायचं, हा या पुस्तकाचा विषय. कोणतं बटण कुठे आहे हे सांगणारी प्रकरणं पुढे आहेतच, पण ती दोन-तीन वर्षांत शिळी होतील. अ‍ॅप बदलतात, चिन्हं जागा सोडतात. दम मात्र माणसाला शंभर वर्षांपूर्वी जेवढा होता तेवढाच आजही आहे.

'त्यापेक्षा खरा ट्रंपेटच का नाही शिकलास?' हे मला अनेकांनी विचारलं आहे. वाद्य दिसायला सोपं. तीनच व्हॉल्व्ह. ते दाबले की नळीची लांबी वाढते आणि सूर उतरतो. बाकीचं सगळं ओठांवर. तीच बोटं तशीच ठेवून, नुसते ओठ आवळून किंवा सैल सोडून एकाच नळीतून पाच-सहा वेगवेगळे सूर काढायचे असतात. हे ओठ तयार व्हायला वर्षं जातात. पहिल्या वर्षी जे बाहेर पडतं त्याला सोसायटीतलं कुणी संगीत म्हणत नाही. भिंतीला भिंत लावून राहणाऱ्या माणसाला हे वाद्य परवडत नाही, आणि मी इथे किमतीबद्दल बोलत नाही. हेडफोन लावून रात्री दोन वाजता चार ट्रंपेट एकदम कडकडवता येतात, ही टॅब्लेटची पहिली मोठी सोय. तिला कमी लेखू नये.

आता हे खोटं पितळ बनतं कसं? वाटा दोन. पहिल्या वाटेत खऱ्या वादकाकडून एकेक सूर वाजवून घेतात: हळू, मध्यम, जोरात, तुटक, लांब, मींड घेऊन. हे हजारो तुकडे साठवतात आणि पडद्यावरची पट्टी दाबली की त्यातला योग्य तुकडा वाजतो. याला सॅम्पलिंग म्हणतात. सूर खराखुरा असतो, पण तो दुसऱ्या कुणाच्या तरी एका दुपारी, दुसऱ्याच गाण्यासाठी, किंबहुना कुठल्याच गाण्यासाठी नव्हे, असा वाजलेला असतो. शिवाय तोच सूर लागोपाठ चारदा दाबला की तोच तुकडा चारदा वाजतो आणि ट्रंपेटची मशीनगन होते. म्हणून चांगल्या संचात एकाच सुराचे तीन-चार नमुने आळीपाळीने फिरवतात.

दुसऱ्या वाटेत रेकॉर्ड केलेला सूर वाजतच नाही. ओठांची थरथर, नळीतली हवा, पुढचं कर्ण्यासारखं तोंड या सगळ्याचं गणित मांडून ते त्या क्षणी सोडवतात आणि सूर जागेवर तयार होतो. यामाहाचं व्हीएल-१ हे यंत्र १९९४ साली याच तत्त्वावर बाजारात आलं. आज 'ऑडिओ मॉडेलिंग' या इटालियन कंपनीची 'स्वॅम' नावाची वाद्यं तेच काम आयपॅडवर करतात. सॅम्पलच्या संचाला टॅब्लेटमधली बरीच जागा लागते. मॉडेलला जागा थोडी पुरते, पण ते प्रोसेसरला घाम फोडतं. माझा कल मॉडेलकडे आहे. सुटा सूर ऐकलात तर सॅम्पल जिंकेल. आठ सुरांचं वाक्य ऐकलंत तर बहुधा मॉडेल.

याचं कारण बऱ्याच आधी सापडलेलं आहे. १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये जाँ-क्लोद रिसे या फ्रेंच संगीतकाराने ट्रंपेटचे सूर संगणकावर उकलून पाहिले. तोवर वाद्याचा आवाज म्हणजे स्वरांशांचं ठरावीक मिश्रण, असं समजून केलेला ट्रंपेट काही केल्या ट्रंपेटसारखा लागत नव्हता. रिसेला दिसलं की हे मिश्रण स्थिर नसतंच. सूर सुरू होताना खालचे स्वरांश आधी येतात, वरचे मागून. जोर वाढला की वरचे स्वरांश जास्त प्रमाणात वाढतात, म्हणजे आवाज मोठा होतो तसा तो झळझळीतही होतो. कान पितळ ओळखतो तो या वागण्यावरून. पुढे आवाज गणिताने घडवण्याचं जॉन चाऊनिंगचं एफएम तंत्र आलं आणि ते वापरणारा यामाहाचा डीएक्स-७ हा कीबोर्ड १९८३ साली निघाला. त्याला फुंकर मोजणाऱ्या यंत्रासाठी वेगळं भोक ठेवलेलं होतं. ते वापरलं फार थोड्यांनी. बाकीच्यांनी पट्ट्या बडवल्या.

पट्ट्या बडवण्याची ही सवय हेच मूळ दुखणं. पियानोची पट्टी एकदा आपटली की त्या सुराचं नशीब ठरलं, पुढे तो विरत जाणार. पितळी सुराचं नशीब शेवटच्या क्षणापर्यंत वादकाच्या छातीत असतं. तो सुरू होऊन फुगतो, दबतो, शेवटी थरथरतो, कधी घसरून खाली पडतो. आपल्याकडे पेटीवर, म्हणजे हार्मोनियमवर, हाच आक्षेप होता की तिला मींड येत नाही. आकाशवाणीने ती १९४० पासून तीन दशकं बाहेर बसवली. पडद्यावरच्या पट्ट्यांनी ट्रंपेट वाजवणारा माणूस त्याच जागी उभा असतो. मिडी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक वाद्यं एकमेकांशी बोलतात त्या भाषेत पट्टी किती जोरात दाबली याला ० ते १२७ असा एक आकडा मिळतो, पण तो एकदाच, सुरुवातीला. नंतर सुराचं काय होणार ते वेगळं, सतत सांगावं लागतं.

म्हणून पुढचं अख्खं दुसरं प्रकरण डाव्या हातासाठी आहे. उजव्या हाताने सूर, डाव्या हाताच्या बोटाने पडद्यावरची एक उभी पट्टी वर-खाली. ती पट्टी म्हणजे तुमची छाती. बोट खाली आलं की दम संपला. ज्यांना शक्य आहे त्यांनी तोंडात धरायचं ब्रेथ कंट्रोलर घ्यावं, किंवा अकाईचं ईडब्ल्यूआय, रोलंडचं एरोफोन यांसारखं फुंकून वाजवायचं इलेक्ट्रॉनिक वाद्य. त्यात फुंकर खरी असते, आवाज तेवढा उसना. मी स्वतः तोंडातल्या नळीवर आलो आणि पहिल्याच आठवड्यात माझ्या ओळी आपोआप आखूड झाल्या. ओठ दुखले नाहीत, पण दम लागला. वांद्र्याच्या प्रश्नाचं उत्तर असं अंगावरून गेलं.

यंत्राने केलेलं जॅझ म्हणजे बाटगं जॅझ, असं म्हणणारी मंडळी आहेत. मला त्यांचा राग येत नाही, पण त्यांना जॅझच्या रेकॉर्डिंगचा इतिहास थोडा सांगावासा वाटतो. जॅझची पहिली तबकडी १९१७ ची, ओरिजिनल डिक्सिलँड जॅस बँडची. त्या काळी मायक्रोफोन नव्हता. वादक एका मोठ्या कर्ण्यासमोर वाजवत आणि आवाजाच्या धक्क्याने सुई मेणावर खोदत जाई. १९२३ साली इंडियाना राज्यातल्या रिचमंड गावी, जेनेट कंपनीच्या स्टुडिओत, किंग ऑलिव्हरच्या बँडचं रेकॉर्डिंग झालं. त्यात तरुण लुई आर्मस्ट्राँग दुसरं कॉर्नेट वाजवत होता. त्याचा आवाज इतका दणदणीत की त्याला इतरांपासून बराच मागे उभं केलं, असं सांगतात. आज आपण ट्रॅकची पातळी बोटाने खाली ओढतो. तेव्हा माणूसच मागे ओढला. दहा इंची तबकडीत तीन मिनिटांच्या आसपास मावायचं, म्हणून सोलो तेवढ्यात संपवायचा. जॅझचं रेकॉर्डिंग पहिल्या दिवसापासून यंत्राशी घासाघीस करत आलेलं आहे.

आणि घरी केलेल्या रेकॉर्डिंगला नाक मुरडणाऱ्यांना रूडी व्हॅन गेल्डर आठवावा. हा मनुष्य पेशाने डोळे तपासून चष्मे देणारा. न्यू जर्सीतल्या हॅकेनसॅक गावी आईवडिलांच्या घराच्या दिवाणखान्यात तो रेकॉर्डिंग करायचा. माइल्स डेव्हिस, थेलोनिअस मंक, सनी रॉलिन्स त्या दिवाणखान्यात वाजवून गेले. १९५९ साली त्याने एंगलवुड क्लिफ्सला स्वतःचा स्टुडिओ बांधला, तोवर दिवसा चष्मे आणि उरल्या वेळात जॅझ असं चाललं होतं. आमच्या दिवाणखान्यात आईवडिलांनी मंकला बसू दिलं असतं का, हा प्रश्न मी सोडून देतो.

या विषयाचा आपल्याशी संबंध काय, तर तो बराच जुना आणि खरा आहे. पोर्तुगीज काळात गोव्यातल्या चर्चच्या शाळांत मुलांना पाश्चात्त्य नोटेशन वाचायला शिकवत. ती मुलं मोठी होऊन वाद्यं घेऊन मुंबईला आली. १९३० च्या दशकात ताजमहाल हॉटेलात अमेरिकेतले कृष्णवर्णीय जॅझ वादक वाजवत होते, त्यांना ऐकून गोवेकरांनी ही भाषा उचलली. हळदोण्याचे अंतोनियो झेवियर वाझ, म्हणजेच चिक चॉकलेट, आर्मस्ट्राँगच्या ढंगाने ट्रंपेट वाजवत. संगीतकार सी. रामचंद्रांच्या गाण्यांमध्ये जो पितळी झणका ऐकू येतो त्यामागे ते होते, आणि १९५१ च्या 'अलबेला'त ते बँडसह पडद्यावरही दिसतात. तेव्हाच्या नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचे चितळकर, म्हणजेच सी. रामचंद्र, आणि बार्देशातले वाझ या जोडीने मराठी-हिंदी कानांना स्विंगची गोडी लावली. आपण ती ऐकली, फक्त तिला जॅझ म्हटलं नाही.

त्या काळच्या अरेंजरांबद्दल माझ्या मनात फार आदर आहे. सेबॅस्टियन डिसोझांसारखा माणूस टेबलाशी बसून तीस-चाळीस वादकांचे कागद लिहायचा. ट्रंपेट आणि ट्रॉम्बोन एकत्र आल्यावर नक्की कसे लागतील हे त्याला रेकॉर्डिंगच्या दिवशीच प्रत्यक्ष कानाने कळणार. तोवर सगळा बँड डोक्यात. आम्हाला टॅब्लेटने नेमकं हे दिलं आहे: लिहिलेलं लगेच ऐकू येतं. तिसरा ट्रॉम्बोन अर्धा सूर खाली घेतला तर काय होईल, हे दोन सेकंदांत कळतं. या सोयीने आमचा कान तयार व्हायला हवा होता. बहुतेकांचा आळशी झाला, माझा धरून.

आळशी कान कुठे फसतो याची काही उदाहरणं पुढे विस्ताराने आली आहेत. एक इथेच देतो. ट्रॉम्बोनची सरकती नळी, तिच्यावर सात जागा. पहिल्या जागेपासून सातव्या जागेपर्यंत सलग घसरलं तर सहा अर्धस्वरांचं अंतर कापता येतं, त्याहून जास्त नाही. हात तिथे संपतो. टॅब्लेटवर मात्र बोट फिरवून दोन सप्तकं सरळ घसरता येतं. ऐकायला गंमत वाटते आणि ऐकणाऱ्याला, त्याने आयुष्यात ट्रॉम्बोन पाहिलेला नसला तरी, काहीतरी खोटं आहे हे जाणवतं. अडचण काढून टाकली की वाद्य हातातून निसटतं.

म्यूटचं प्रकरण मी आवडीने लिहिलं आहे. ड्यूक एलिंग्टनच्या बँडमधले बबर मायली आणि 'ट्रिकी सॅम' नॅन्टन ट्रंपेट-ट्रॉम्बोनच्या तोंडावर प्लंजर धरत, म्हणजे तुंबलेलं बेसिन मोकळं करायचा रबरी वाडगाच. तो उघडझाप करून ते वाद्याला बोलायला, कुरकुरायला लावत. माइल्स डेव्हिस हार्मन म्यूटची मधली दांडी काढून टाकायचा आणि मायक्रोफोनच्या अगदी जवळ वाजवायचा. आभासी वाद्यांत म्यूट हे एक बटण असतं. माझा अनुभव असा की म्यूट लावलेला खोटा ट्रंपेट उघड्या खोट्या ट्रंपेटपेक्षा जास्त खरा वाटतो. म्यूटमुळे खऱ्या वाद्याचाही आवाज अर्धा झाकला जातो, त्यामुळे आपली लबाडीही झाकली जाते. नवख्याने सुरुवात इथून करावी. प्लंजर मात्र बटणाने होत नाही. हाताची उघडझाप बोटाने काढावी लागते, प्रत्येक सुराला वेगळी.

स्विंगबद्दल थोडं. दोन सुरांतला पहिला लांब, दुसरा आखूड, एवढं सगळ्यांना माहीत असतं आणि अ‍ॅपमध्ये त्यासाठी टक्क्यांचा काटा असतो. पण हे प्रमाण लयीबरोबर बदलतं. लय संथ असली की फरक ठळक, द्रुत झाली की दोन्ही सूर जवळजवळ सारखे. शिवाय चांगले वादक ठोक्याच्या किंचित मागे रेलून वाजवतात. सगळे सूर जाळीवर नेमके बसवणारं क्वांटाइझ नावाचं एक औजार असतं. ते ड्रम्सवर जपून वापरावं, ट्रंपेटवर वापरूच नये. आणि हो, ब्लूटूथचे हेडफोन लावून वाजवू नका. बोट आणि आवाज यांच्यात इतका उशीर पडतो की लयीला दोष द्यायलाही जागा राहत नाही. तारेचे घ्या.

आता ट्रॅकमागच्या माणसांची गोष्ट. चार ट्रंपेटचा ताफा हवा म्हणून मी सुरुवातीला एकच ट्रॅक चारदा चिकटवायचो. त्याने चार ट्रंपेट होत नाहीत, एकच जाडा ट्रंपेट होतो. चौघांना वेगळं वाजवावं लागतं, चारदा बसून, आणि चौघं एकाच क्षणी सूर सोडत नाहीत. एलिंग्टन वाद्यासाठी लिहीत नसे, माणसासाठी लिहीत असे. त्याच्या बँडमधला प्रत्येक सूर एका ठरावीक माणसाचा असे. हे वाचल्यापासून मी प्रत्येक ट्रॅकला एक स्वभाव देतो. पहिला ट्रंपेट घाईचा, ठोक्याच्या आधी पोचणारा. दुसरा समजूतदार. तिसरा जेवून आलेला. चौथा नवीन मुलगा, सूर बरोबर पण आवाज दबका. वेडेपणा वाटेल, पण ताफा यानेच ताफ्यासारखा लागायला लागला.

यातून जे होत नाही तेही सांगायला हवं. १९५९ साली माइल्स डेव्हिसच्या 'काइंड ऑफ ब्लू' या तबकडीसाठी सहा-सात माणसं न्यूयॉर्कच्या एका जुन्या चर्चमध्ये केलेल्या स्टुडिओत जमली. त्यांच्या हाती मोजके आराखडे होते, बाकी एकमेकांचं ऐकून. माझे चार ट्रंपेट एकमेकांचं ऐकत नाहीत. मी चौघांच्या वतीने ऐकतो, आणि मला आश्चर्याचा धक्का देईल असं त्यांच्यातला कुणी वाजवत नाही. पूर्वनियोजित जॅझ, लिहिलेलं जॅझ टॅब्लेटवर होतं. जुगलबंदी होत नाही. निदान सोलो तरी एखाद्या जित्या वादकाकडून वाजवून घ्यावा, त्याला पैसे द्यावेत, असं मला मनापासून वाटतं.

पैशाचा मुद्दा जुनाच आहे. १ ऑगस्ट १९४२ पासून अमेरिकेतल्या वादकांच्या संघटनेने, जेम्स पेट्रिलोंच्या नेतृत्वाखाली, रेकॉर्डिंगवरच बहिष्कार टाकला होता. तबकड्या वाजतात आणि वादक घरी बसतो, ही त्यांची तक्रार. बीबॉप ही जॅझची नवी शैली घडत होती ते नेमके हेच दिवस, त्यामुळे तिची सुरुवात फारशी तबकड्यांवर आलीच नाही. आपल्याकडे कीबोर्ड आले आणि सिनेमाच्या रेकॉर्डिंगांतून पितळी ताफे हळूहळू ओसरले. वांद्र्याच्या ओसरीतल्या त्या पेटीवर धूळ बसली त्याला दात एकटे जबाबदार नाहीत. टेबलावरचा माझा टॅब्लेट त्याच कीबोर्डच्या घराण्यातला, हे त्यांना आणि मला दोघांनाही ठाऊक होतं. ते यावर कधी बोलले नाहीत, मीही विषय काढला नाही.

तीन महिन्यांनी मी पुन्हा गेलो. त्या सोळा बारांचे आता चार तुकडे होते. जवळपास तिसरा हिस्सा सूर मी खोडले होते, वरची पट्टी शेवटच्या आठ बारांसाठी राखून ठेवली होती. काही जण रेकॉर्डिंगमध्ये श्वासाचा खराखुरा आवाज चिकटवतात. मी तो चिकटवला नव्हता, फक्त जागा सोडली होती. त्यांनी पुन्हा डोळे मिटले. चौथ्या बाराच्या शेवटी ट्रंपेट थांबला तेव्हा त्यांची छाती वर आली. आठव्याच्या शेवटीही.

संपल्यावर थोडा वेळ ते गप्प होते. मग म्हणाले, "त्या दुसऱ्या ट्रॉम्बोनवाल्याला सांग जरा मागे बस म्हणून. उगाच पुढे पुढे करतो."